दोन दिवस, बाराशे रुपये आणि नदीपात्रातला कचरा : एका वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी कलाबिला कळणारी बाई नाही. शाळेत चित्रकलेच्या वहीत डोंगर, सूर्य, नारळाचं झाड याच्या पुढे कधी गेले नाही. पण मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज आला, "कचऱ्यापासून कला, दोन दिवसांची कार्यशाळा, माणशी बाराशे रुपये, चहा पोहे आमच्याकडे, कचरा नदीकडून" आणि ते शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं म्हणून मी नंबर सेव्ह केला. मग दोन आठवडे विसरले. मग सासूबाईंनीच आठवण केली, त्यांना वाटलं प्लास्टिकची फुलं वगैरे शिकवतात.

ज्या बाई हे वर्कशॉप घेतात त्यांचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की मला टॅग करू नका, माझे फोटो टाकू नका, कचऱ्याचे टाका. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही ताईच म्हणते. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी विचारा, नंबर देते.

शनिवारी सकाळी साडेसहाला पुण्यात मुठेच्या काठी, ओंकारेश्वराच्या देवळाजवळ जमायचं होतं. आम्ही सव्वासहाला हजर, मी, मुलगा (सातवीत आहे, अर्धा झोपेत) आणि अहो आई, नऊवारी नाही पण बऱ्यापैकी चांगली साडी नेसून, कारण मी जुने कपडे म्हणाले होते आणि त्यांच्या हिशोबाने ती जुनी होती. ताई आल्या सात वाजून पाच मिनिटांनी. पुण्यात पस्तीस मिनिटं उशीर म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. एक काका घड्याळ दाखवत होते सगळ्यांना. तर पहिला अर्धा स्टार इथे गेला.

पण मग जे सुरू झालं ते मात्र मस्त होतं. आम्ही चौदा जण होतो, प्रत्येकाला एक गोणपाट, हातमोजे आणि एक चिमटा. हातमोजे सगळे एकाच साईजचे, मोठ्ठे, मुलाच्या हातातून तर सारखे गळत होते, लहान मुलांना घेताय तर लहान मोजे ठेवा ना. नदीपात्रातल्या रस्त्याने भिडे पुलाकडे चालायला लागलो. पाऊस होऊन, खडकवासला धरणातून पाणी सोडून नुकतंच ओसरलेलं होतं आणि ज्यांनी ते दृश्य पाहिलंय त्यांना माहितीये, भिडे पूल पाण्याखाली जातो त्याचे व्हिडिओ आपण सगळे फॉरवर्ड करतो पण पाणी उतरल्यावर कोणी बघायला जात नाही. तेव्हा झाडांना पिशव्या लटकलेल्या असतात. सगळ्या एकाच उंचीवर. म्हणजे खाली फांद्या मोकळ्या आणि एका रेषेत पिशव्या, चिंध्या, निर्माल्याची पिशवी तशीच गाठ मारलेली, एक चपलेचा पट्टा, थर्माकोलचा तुकडा, अशी आडवी माळ. ताई म्हणाल्या नदीने स्वतःच खूण करून ठेवलीये, मी इथपर्यंत आले होते म्हणून. हे मी आजवर शंभर वेळा पाहिलं असेल स्कूटरवरून, रेष म्हणून कधी दिसली नव्हती.

चिमट्याने उचलायला लागलं की पंधरा मिनिटांत तुम्हाला शहराचं खाणंपिणं कळतं. माझ्या मुलाने मोजायचं काम स्वतःकडे घेतलं (कारण वाकायला नको) आणि त्याच्या मोजणीप्रमाणे एकट्या आमच्या गोणीत गुटख्याच्या २१२ पुड्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे बरं का. अहो आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बंदी विकण्यावर आहे, टाकण्यावर कुठे आहे." प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी, त्या पण गोणीभर. चिप्सची पाकिटं, कुरकुरीत काय काय त्याची पाकिटं, केकखालचा सोनेरी पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, एक अख्खी शाळेची वॉटरबॅग जिच्यावर नाव होतं आणि मुलगा दहा मिनिटं त्या नावाचा मुलगा कोण असेल यावर विचार करत होता.

साडेनऊला गोण्या टेम्पोत टाकून सगळे एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये. तिथे पोहे. पोहे चांगले होते, खोबरं होतं, लिंबू मागितल्यावर मिळालं. चहा मात्र अगदी पांचट. बाथरूम एकच, वरच्या मजल्यावर, चौदा माणसं नदीतला कचरा उचलून आलेली आणि साबणाची एक वडी. इथे आणखी अर्धा स्टार.

आता मुख्य गोष्ट. मला वाटलं होतं ताई शिकवणार. पण गॅरेजमध्ये ताईंच्या आधी एक मावशी बसल्या होत्या, कचरावेचक आहेत, वीस एक वर्षं हे काम करतायत, आणि वर्गीकरणाचा अख्खा तास त्यांनी घेतला. त्यांना त्याचं मानधन मिळतं, हे ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि किती ते पण सांगितलं, जे मला फार आवडलं, कारण आपल्याकडे अशा ठिकाणी शाल आणि नारळ देऊन मोकळे होतात.

मावशींनी आमच्या गोण्या जमिनीवर ओतायला लावल्या आणि म्हणल्या आता डोळे मिटा. आम्हाला वाटलं ध्यान वगैरे. त्यांनी एक पिशवी हातात चुरगाळली. मग दुसरी. "आवाज ऐका. ही चुरचुरतीये, ही मऊ बोलतीये." मऊ बोलते ती दुधाची पिशवी, तिला भंगारात भाव आहे. चुरचुरते ती बिस्किटाची, चिप्सची, तिला भाव नाही. एवढंच. चौदा सुशिक्षित माणसं डोळे मिटून पिशव्या चुरगाळत बसली होती आणि काकांना (घड्याळवाले) एकदाही बरोबर ओळखता आलं नाही, आणि अहो आईंना दहापैकी नऊ. मग मावशी आणि त्या दोघींचं जे जमलं ते दोन दिवस, आम्हाला कोणी विचारत नव्हतं.

चिप्सच्या पाकिटाला भाव का नाही ते ताईंनी नंतर एक पाकीट उसवून दाखवलं. आतून चंदेरी दिसतं तो ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो आणि तो प्लास्टिकच्या थरांना असा चिकटवलेला असतो की परत सुटा करणं परवडत नाही. चिप्स कुरकुरीत राहाव्या म्हणून केलेली युक्ती आणि तीच नंतर नडते. बाटलीला भाव, पुठ्ठ्याला भाव, दुधाच्या पिशवीला भाव, म्हणून ते कोणीतरी उचलतं, आणि हे पाकीट कोणीच उचलत नाही म्हणून ते नदीत. म्हणजे नदीत काय सापडतं तर ज्याला भाव नाही ते. मला हे इतकं सोपं करून आधी कोणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं लोक घाण आहेत म्हणून कचरा होतो. घाण आहेतच, पण.

आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा! ताईंकडे लोणच्याची एक मोठी बरणी आहे, ती भरून फक्त कोपरे. आपण पिशवी कापतो तेव्हा तो त्रिकोणी तुकडा सुटा होतो ना, तो एवढासा, तो ना मावशींच्या हाताला लागतो ना भंगारवाल्याच्या, सगळे गटारात. पिशवी धुऊन देणारी चांगली माणसंही कोपरा फेकतात. उपाय काय, तर पूर्ण कापायचा नाही, थोडा चिकटलेला ठेवायचा. अहो आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण आमच्याकडे पन्नास वर्षं दूध त्याच तापवतात आणि कोपरा कात्रीने टक्क करून ओट्याच्या कडेला, तिथून कुठे जातो ते देवाला माहीत. "रोजच्या दोन पिशव्या," त्या हळूच म्हणाल्या आणि मनात हिशोब करत बसल्या. उत्तर त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

मग धुणं. हे कोणी सांगत नाही, की कचऱ्याच्या कलेत सत्तर टक्के वेळ धुण्यात जातो. चिप्सच्या पाकिटाला आतून तेल असतं, ते नुसत्या पाण्याने जात नाही, साबणाच्या पाण्यात बुडवून, उलटं करून, फडक्याने पुसून मग दोरीवर क्लिपा लावून वाळत. गॅरेजच्या बाहेर चार दोऱ्या भरून चंदेरी पाकिटं वाऱ्यावर हलत होती, ऊन पडलं की डोळे दिपत होते. शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "कसला वाढदिवस आहे?"

दुपारी जेवणानंतर (डबा आपला आपण) ताईंनी लॅपटॉपवर थोडं दाखवलं. मला भीती होती लेक्चर होईल, पण अर्ध्या तासात संपवलं. चंडीगडचं रॉक गार्डन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ट्रिपमध्ये पाहिलंय, फोटो काढलेत, पण मला माहीत नव्हतं की नेकचंद हे सरकारी बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते आणि १९५७ पासून ते जंगलातल्या जमिनीवर गुपचूप, ड्युटी संपल्यावर, फुटक्या बांगड्या, फुटके कप, टाईल्सचे तुकडे आणून आणून ते उभं करत होते, खात्याला पत्ताच नाही, आणि शेवटी ते लोकांसाठी उघडलं १९७६ ला. आणखी एक घानाचे कलाकार, एल अनात्सुई, ते दारूच्या बाटल्यांची बुचं चपटी करून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात आणि त्याचा एवढा मोठा पडदा होतो की भिंतीवरून जरीच्या शालूसारखा खाली ओघळतो. अहो आई म्हणाल्या पैठणीच वाटतीये. खरंच वाटत होती.

पण माझ्या डोक्यात राहिली ती तिसरी गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये मिर्ले लेडरमन युकेलेस म्हणून एक बाई, १९७९ च्या सुमाराला त्यांनी ठरवलं की शहरातल्या प्रत्येक सफाई कामगाराला भेटायचं आणि हात मिळवून धन्यवाद म्हणायचं. साडेआठ हजार कामगार. जवळपास वर्षभर चाललं ते. आणि हीच ती कलाकृती, वेगळी वस्तू अशी काही नाही. इथे काका म्हणाले यात कला कुठेय. ताईंनी उत्तर दिलं नाही, त्या मावशींकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही सकाळी यांच्याशी हात मिळवला का?" काका गप्प. आम्ही पण गप्प, कारण आम्हीपण नव्हता मिळवला, नमस्कार पण नीट केला नव्हता.

आणि पुण्यात हे सगळं काही काल सुरू झालेलं नाहीये. १९९३ साली बाबा आढाव आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था आली, २००८ मध्ये महापालिकेबरोबर करार झाला आणि घरोघरी कचरा घेणाऱ्या बायकाच तिच्या मालक. मावशी त्यातल्याच. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेली सॅनिटरी पॅड गोळा करून थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली होती, तुमचा माल तुम्हीच बघा म्हणून. मावशी हे सांगताना इतक्या खुशीत हसत होत्या. मला विचाराल तर त्या दिवशी गॅरेजमधली सगळ्यात मोठी ॲक्टिव्हिस्ट त्या होत्या, ताई दुसऱ्या नंबरवर, आणि ताईंनाही हे मान्य असावं कारण त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

रविवारी विणकाम. लाकडी चौकट, वर खाली खिळे, त्यावर सुतळीचा ताणा. वाळलेलं पाकीट वरची खालची शिवण कापून उघडायचं आणि कडेकडेने गोल गोल कापत जायचं, सफरचंदाचं साल एका दमात सोलतात तसं, म्हणजे एका पाकिटाची एकच लांब पट्टी निघते. बोटभर रुंद. पट्टी तुटली की गाठ मारायची, गाठ मागच्या बाजूला. मग एक धागा वरून एक खालून, ओळ झाली की साध्या कंगव्याने ठोकून खाली बसवायची. वाचायला सोपं वाटतं, माझ्या पहिल्या चार ओळी उसवाव्या लागल्या कारण मी इतकं ओढून विणलं की चौकटीच्या मधे कंबर तयार झाली. मावशी म्हणल्या, "ढिलं धरा ताई, पाकीट हाय, नवरा न्हाई." अख्खं गॅरेज हसलं. माझा नवरा आला नव्हता ते बरं.

रंग मात्र फार भारी दिसतात. जाहिरातवाल्यांनी पैसे ओतून निवडलेले रंग असतात ना ते, लाल, पिवळा, तो एक विशिष्ट निळा, आणि मध्येच बाजू उलटली की चंदेरी. दुरून बघितलं तर खण वाटतो. जवळ गेलं की "नेट वजन" दिसतं आणि अर्धा बारकोड.

मुलगा विणायला बसलाच नाही, तो पाटीच्या ग्रुपमध्ये गेला. हा ताईंचा खास पुणेरी प्रकार, जुन्या प्लायवर गुटख्याच्या पुड्यांची अक्षरं चिकटवून पुणेरी पाट्या करायच्या. पोरांनी केलेली पाटी अशी: "कचरा टाकताना आपला पत्ताही सोबत टाकावा. परत पाठवणे सोपे जाते." शुद्धलेखन अहो आईंनी तपासलं, "सोपे" आधी "सोप्पे" होतं.

आता जे खटकलं ते. गॅरेजच्या एका कोपऱ्यात ताईंच्या वस्तू विकायला ठेवल्या होत्या, अशाच विणलेल्या कापडाच्या पर्स, पाऊच, लॅम्पशेड. पर्स अठराशे रुपये. अहो आईंनी किंमत वाचली, पर्स उलटी केली, अस्तर बघितलं, शिवण बघितली आणि जागेवर ठेवली. रिक्षात म्हणाल्या, "आम्ही वायरच्या पिशव्या करायचो, दुधाच्या पिशव्यांची आसनं करायचो, जुन्या साड्यांच्या गोधड्या, कुणी बाराशे रुपये घेऊन शिकवलं नाही." आणि हे खरंच आहे, आपल्या घरांमध्ये टाकाऊ असं काही नसायचंच, डालड्याचा डबा फुटेपर्यंत वापरायचे आणि फुटला की त्यात तुळस. मी ताईंना हे बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या दोन दिवसांची मजुरी त्या पर्समध्ये आहे, विणणाऱ्या बाईला रोजावर पैसे देते, हिशोब बघायचा तर बघा, आणि खरंच वही पुढे केली. वही बघून मी गप्प बसले. तरी माझं मत आहे की गोधडी थंडीत अंगावर येते, तिला काम आहे, आणि चिप्सच्या पाकिटाचा लॅम्पशेड विकत घेऊन आपल्याला उगाच बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी आपण परत चिप्स आणतो. मी स्वतः सोमवारी आणल्या. डब्याला.

दुसरं, अशा वर्कशॉपला जी माणसं येतात ती आधीच ओला सुका वेगळा करणारी असतात. चौदातले बारा तरी. ज्याने यायला हवं तो भेळ खाऊन कागद पात्रात टाकून निघून गेलेला असतो. ताईंचं म्हणणं असं की म्हणूनच तिसरा भाग रस्त्यावर आहे.

तिसरा भाग फीमध्ये नव्हता, पुढच्या रविवारी ज्याला यायचंय त्याने यायचं असं होतं, नऊ जण गेलो. दुधाच्या पिशव्यांच्या निळ्या पट्ट्या विणून केलेला एक लांबच लांब पट्टा होता, हातभर रुंद, तो नदीपात्रातल्या झाडांना बांधला, बरोबर त्या उंचीवर जिथे पिशव्या लटकल्या होत्या. झाडाला खिळा नाही, नुसत्या गाठी. बाकी काही नाही, एक निळी रेष, या झाडापासून त्या झाडापर्यंत, आणि खाली पोरांची पाटी. त्या रेषेखाली उभं राहिलं की कळतं पाणी कुठपर्यंत आलं होतं, माझ्या डोक्याच्या वर वीतभर, आणि अंगावर काटा येतो. लोक थांबत होते. बरेच जण सेल्फीला, ते धरून चाला. एक भाजीवाले काका सायकल लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, रेष चुकलीये, त्या झाडावर अजून वर होतं पाणी, मी होतो इथे. मग शिडी आणून त्या टोकाची गाठ वर सरकवली त्यांच्यासमोर. अख्ख्या प्रकारात मला हे सगळ्यात जास्त आवडलं. परवानगी फक्त बारा वाजेपर्यंतचीच होती, त्यामुळे पावणेबाराला सगळं सोडून, गुंडाळून परत टेम्पोत. खाली कचरा राहिला नाही ना हे मावशी शेवटी एकदा फिरून बघून आल्या.

आणि हो, पाकिटांचं खोकं. विणायला उपयोगी नसलेली फाटकी पाकिटं कंपनीवार वेगळी करून पार्सल करतात आणि सोबत पत्र. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पॅकिंग बाजारात आणणाऱ्यावर ते परत गोळा करायची जबाबदारी आहे, त्याची आठवण म्हणून. पोस्टाचा खर्च ताईंचा. उत्तरं येतात का विचारलं तर म्हणाल्या एकदा आलं होतं, सोबत डिस्काउंट कूपन होतं.

तर माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार उशीर, साबण, मोजे आणि त्या चहाचा. मुलांना न्या, पण आठ नऊ वर्षांच्या वरच्या. बूट घाला, चपला नकोत, काचा असतात. टोपी न्या. गाडी लांब लावा, सकाळी जागा मिळते पण परत येईपर्यंत कोणीतरी पुढे लावून गेलेलं असतं. पावती मागून घ्या, न मागता मिळत नाही. आणि शक्य असेल तर सासूबाईंना न्या, आमच्या आता मावशींना दर गुरुवारी फोन करतात, काय बोलतात माहीत नाही, ओट्याच्या कडेला बरणी मात्र आलीये.

माझी चौकट अर्धीच विणून झालीये. लाल पिवळं भरपूर आहे, निळं संपलं. तर कोथरूड, कर्वेनगर भागात कोणाकडे निळी पाकिटं असतील तर टाकू नका, कळवा, मी येऊन घेऊन जाईन. फक्त धुतलेली हवीत.